उद्या धर्मा जाळीत शिरणार आहे

जोमादादा,

उद्या सोमवार. मलंगच्या डोंगराखाली आपण अर्धी सोडलेली हद्दीची रेघ उद्या सकाळी पुन्हा धरायची आहे. तुमच्या जागी तुमचा धाकटा भाऊ धर्मा माझ्याबरोबर येणार आहे. तुमचाच कोयता त्याच्या कमरेला असेल. मला भीती वाटते आहे. जाळीची वाटते, जनावराची वाटते, पण त्याहून जास्त माझी स्वतःची वाटते. ज्या माणसाच्या भरवशावर धर्मा आत शिरणार आहे तो माणूस मी आहे, आणि तुम्ही गेलात त्या दिवशी मी काय केलं, हे काल संध्याकाळपर्यंत तुमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणतो आहे, हे ऐकून तुम्हाला हसू येईल. कामावर मी ‘अरे जोमा’ म्हणत असे. साहेब जोमा म्हणत, शिपाई जोम्या म्हणत, आणि माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला अरेतुरे करायला मीही त्यांच्याकडूनच शिकलो. मनात मात्र मी तुम्हाला पहिल्या महिन्यापासून दादा म्हणत होतो. ते तोंडावर एकदाही आलं नाही. आता येतं आहे, तर ऐकायला तुम्ही नाही.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर कल्याणच्या स्टेशनाबाहेर आपण भेटलो. मोजणी खात्यात माझी नेमणूक होऊन आठच दिवस झाले होते. जंगलाची हद्द आखायची, तिच्यावर दगड रोवायचे, एवढं मला कागदावरून कळलं होतं. त्या हद्दीवरची जाळी तोडायला माझ्याबरोबर तुम्हाला दिलं होतं. धोतर, लांब कोट, जरीकाठी पागोटं, पुण्याहून आणलेले बूट आणि हातात छत्री अशा थाटात मी उतरलो. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत.

“मास्तर, वरातीला चाललात का मोजनीला?”

“मोजणीला. मी बी. ए. आहे,” मी म्हणालो. असं का म्हणालो कोण जाणे. माझ्या गावात एवढं सांगितलं की लोक बसायला जागा करून देत.

“बी हाय?” तुम्ही अगदी सरळ चेहऱ्याने विचारलंत. “मंग झार कवा व्हनार?”

निशाण धरणारा लहू इतका हसला, की त्याच्या खांद्यावरचा निशाणाचा बांबू खाली पडला. मला फार राग आला. आमच्या घरात अक्षर ओळखणारा मी पहिला. खानदेशातल्या लहानशा गावी माझे वडील शिंपीकाम करतात, आणि माझ्या परीक्षेचा निकाल आला त्या दिवशी त्यांनी शिवणाचं काम बाजूला ठेवून अख्ख्या गल्लीत गूळ वाटला होता. त्या दोन अक्षरांची तुम्ही अशी थट्टा केलीत. पण त्याच दिवशी दुपारपर्यंत जाळीने माझी त्याहून मोठी थट्टा केली. चिल्हारीच्या काटेरी वेलीने पागोटं उचलून वरच्या वर ठेवून घेतलं. करवंदीत धोतर अडकलं ते फाटूनच सुटलं. छत्रीचं काय झालं ते मी सांगत नाही. बुटात शिरलेला काटा, बूट काढेपर्यंत, टाचेत मोडून बसला होता. तुम्ही तो बाभळीच्या दुसऱ्या काट्याने काढलात आणि म्हणालात, “उद्या मोजनी नाय. उद्या बाजार.”

त्या बाजाराइतकं मी कॉलेजात एका दिवसात कधी शिकलो नाही. लोहाराकडे मी आधी कुऱ्हाडीला हात घातला. तुम्ही ती परत ठेवलीत. “कुराड झाराला. जालीत ती उचलायला जागा कुठं हाय?” मग तुम्ही एकामागून एक कोयते उचललेत. मूठ सैल धरायची आणि पातं आपोआप किती झुकतं ते पाहायचं. पात्याचं वळलेलं नाक जड हवं, म्हणजे घाव आपण घालायचा नाही, तो पडतो. आपण कोयता फक्त उचलायचा. लांबी माझ्या कोपरापासून बोटांपर्यंतच, कारण लांब कोयता वेलीवरून निसटला तर आपल्याच गुडघ्यावर येतो. मूठ बाभळीची, आणि घामाने सरकू नये म्हणून तिच्यावर अंबाडीची दोरी. सातवा कोयताही तुम्ही बाजूला ठेवलात तेव्हा लोहार वैतागला.

“जोमा, कोयता घेतोस का सोयरीक जमवतोस?”

“सोयरीक बापानं जमवली, मना इचारलं बी नाय,” तुम्ही म्हणालात. “कोयता तरी माजा मी बगतो.”

चांभाराकडे तुम्ही माझ्यासाठी म्हशीच्या कातड्याच्या दोनपदरी तळाच्या वहाणा घेतल्यात, टाचेमागून पट्टा लावून घेतलात आणि रात्रभर त्या तेलात बुडवून ठेवायला सांगितलंत. पागोट्याच्या जागी घट्ट मुंडासं. कमरेच्या मागे कोयता अडकवायला लाकडी आकडा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. पुढचं गवत बाजूला करायला भरीव वेळूची काठी. गोचिड्यांसाठी हातापायांना करंजाचं तेल. त्या तेलाचा वास ठाण्याला नौपाड्यातल्या माझ्या खोलीत अजून आहे. घरमालकीणबाई अधूनमधून विचारतात, मास्तर, काही सडलं आहे का हो?

कापडाच्या दुकानात मात्र माझी पाळी आली. तुम्ही घोंगडीकडे बोट दाखवलंत, आणि पहिल्यांदाच मी तुम्हाला नाही म्हटलं. लोकरीत खाजकुइलीची कुसं अडकली तर निघत नाहीत. सैल विणीचं कापड काट्याला आपण होऊन हात देतं. घट्ट पिळाच्या सुताची जाड खादी घ्यावी, दोन पदर तिरप्या टाक्यांनी जोडावेत, गुंड्या लावू नयेत कारण त्या वेलीत अडकतात. बंद लावावेत, तेही आतल्या बाजूला. हे सगळं मी एका दमात बोलून गेलो. कॉलेजातल्या चार वर्षांत वडिलांचा धंदा मी कुणाला सांगितला नव्हता. दोन रविवार बसून मी दोन बंड्या शिवल्या, एक तुम्हाला, एक मला. तुम्ही टाके बोटाने चाचपून पाहिलेत आणि म्हणालात, “ह्ये तुमी शिवलं? सोताच्या हातानं?” त्या दिवसानंतर तुम्ही माझ्या बी. ए.ची थट्टा केली नाहीत. माझ्या पदवीने जे झालं नाही ते माझ्या वडिलांच्या सुईने झालं. हे मी त्यांना पत्रातून कळवलं. तुम्हाला सांगायचं राहिलं.

वर्षभर आपण त्या जाळीत होतो, आणि वर्षभरात माझी भीती गेली नाही. तुम्हाला ती दिसत असणार. आत शिरलं की पाच हातांपलीकडे काही दिसत नाही. कारवीच्या दांड्यांवर दांडे, त्यांच्यावर वेली, खाली मागच्या पावसाचा कुजलेला पाचोळा. आपण तोडतो तो आवाज सोडला तर सगळं गप्प असतं, आणि आपण थांबलो की कुठेतरी काहीतरी आणखी क्षणभर हलत राहतं. मी होकायंत्राकडे बघायचो ते दिशेसाठी कमी आणि खाली बघायला नको म्हणून जास्त. तुम्ही मागे वळून म्हणायचात, “मास्तर, हात डोल्याच्या पुडं घालू नका. आदी डोला, मंग काठी, मंग हात.” मी तसंच करायचो. आजही घरात फडताळ उघडताना मी आधी आत वाकून पाहतो.

आपला एकच वाद मिटला नाही. पोटऱ्यांच्या पट्ट्यांचा. साहेबाच्या पायात गुडघ्यापर्यंत चामडं असतं ते पाहून मी किंतानाच्या दोनपदरी पट्ट्या शिवल्या, मध्ये कापूस भरला, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बांधायला नाड्या लावल्या. माझ्या पायात त्या रोज असत. तुम्ही एक दिवस घातल्यात आणि दुपारी सोडल्यात.

“पाय आंधले व्हतात ह्याच्यात,” तुम्ही म्हणालात. “खालचं कायबी कलत नाय.”

“अरे, पण दात तरी लागणार नाहीत.”

“कलत नाय म्हनूनच लागतात.”

मी चिडायचो. तुम्ही माझी समजूत म्हणून त्या पट्ट्या घरी नेल्यात, दिवाळीला घालीन म्हणालात. मी म्हटलं, जोमा, एक दिवस माझंच खरं ठरेल. आणि मला ते खरं ठरायला हवं होतं. तसंच होतं. एका अडाणी माणसापुढे पुन्हा पुन्हा हरणं मला कुठेतरी टोचत होतं.

त्या दिवशी ओहोळाच्या कडेने आपण दोघंच होतो. लहू आणि दुसरा गडी निशाण घेऊन पलीकडच्या उतारावर गेले होते, मधली जाळी इतकी दाट होती की त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. तुम्ही करवंदीचं एक झुडूप तोडत होतात. मी वहीवर वाकून होकायंत्राचे अंश लिहीत होतो. तुम्ही म्हणालात, “मास्तर, पान लागलं.”

आवाज नेहमीसारखाच होता. तंबाखूची पिशवी घरी राहिली, असं सांगावं तसा.

मला पान म्हणजे पान वाटलं. खाजकुइलीचं असेल, नाहीतर दुसऱ्या कसल्या खाजऱ्या झाडाचं. मी वर न बघता म्हणालो, “करंजाचं तेल लाव.”

तुम्ही पुन्हा म्हणालात, “पान, मास्तर. पायाला लागलं.”

पायाला! मला आनंद झाला, जोमादादा. मी हसलो. “तरी मी सांगत होतो, पट्ट्या बांध म्हणून. आता बस खाजवत.”

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुमच्या तोंडावर राग नव्हता. हा माणूस असं का बोलतो आहे, एवढंच त्या नजरेत होतं. मग तुम्ही म्हणालात, “व्हय. तुमी बोलला व्हतात.” आणि खाली बसून मुंडासं सोडून गुडघ्याखाली करकचून बांधायला लागलात. मी ते पाहिलं, आणि पाहूनही मला वाटलं की खाज दाबायला बांधता आहात. तुमचं होईपर्यंत वेळ फुकट जाऊ नये म्हणून मी मागच्या तोडलेल्या वाटेवर एकट्याने मोजणीची साखळी ओढली. तीन साखळ्या मापल्या. नीट लिहून काढल्या. ते आकडे वहीत आहेत, आणि ते बरोबर आहेत.

परत आलो तेव्हा तुमच्या पापण्या अर्ध्या उतरल्या होत्या. तोंडाच्या कडेने लाळ गळत होती. तुम्ही काही बोलायला गेलात तर शब्दाच्या जागी नुसता घोगरा आवाज आला. मग मी ओरडलो. इतका ओरडलो की लहू काट्यांतून सरळ धावत आला. त्याने पायाकडे पाहिलं, घोट्यावरचे दोन ठिपके पाहिले.

“पान कवा लागलं?” त्याने मला विचारलं.

“तुला कसं कळलं, पान लागलं ते?”

“अवो मास्तर,” त्याने खाली वाकून माझ्या कानात सांगितलं, तिथेही मोठ्याने नाही, “लांबडं डसलं का त्याला पान लागलं बोलतात. जालीत त्याचं नाव घेत नाय. नाव घेतलं का त्ये येतं. यांनी तुमाला सांगितलं नाय?”

तुम्ही सांगितलं होतं. दोनदा.

तुमच्याच कोयत्याने दोन वेळू तोडले, आपल्या दोघांच्या बंड्यांची झोळी केली आणि आम्ही तुम्हाला घेऊन कल्याणकडे पळालो. गाव दिसायच्या आत तुमचा श्वास थांबला. जे कळायला गावातल्या लहान पोरालाही वेळ लागला नसता, ते मला कळलं नाही. मी इंग्रजीतले किती शब्द पाठ केले होते, आणि मराठीतले हे दोन मला कुणी शिकवले नव्हते. आमच्या गावात साप चावला की साप चावला असंच म्हणत. निदान माझ्या कानावर तरी दुसरं काही आलं नव्हतं. पण हा बचाव झाला. तुमच्या तोंडाकडे नुसतं वर मान करून पाहिलं असतं तरी मला कळलं असतं. मी वहीत पाहत होतो.

मुंडासं लगेच बांधलं होतंत, तेव्हा मी वेळीच ओरडलो असतो तर तुम्ही वाचला असतात का? एकजण म्हणतो वाचले असते, दुसरा म्हणतो नागाच्या दंशाला इलाज नाही. मी दोघांनाही विचारायचं सोडून दिलं आहे.

तुमच्या तेराव्याला मी शहाडच्या पलीकडे, नदीकाठी तुमच्या घरी आलो होतो. वहिनींनी मला ओटीवर बसवलं. धर्माला पुढे उभं केलं. त्याच्या कडेवर त्याची मुलगी होती. “याला न्या तिकरं,” वहिनी म्हणाल्या. “तुमच्यासंगं हाय, त मना काल्जी नाय. त्ये घरी तुमचंच बोलायचे. मास्तर बारीक बगतो, बोलायचे.” मी मान डोलावली. खरं सांगायचं होतं आणि मी मान डोलावली. परत येताना नदीच्या पात्रात मला पुढचं पाऊल टाकवेना. पाणी जेमतेम घोट्यापर्यंत होतं.

मग दोन दिवस मी स्वतःशी भांडलो. सांगितलं तर त्या घरात पुन्हा पाऊल टाकता येणार नाही. नाही सांगितलं तर धर्मा त्या जाळीत बारीक बघणाऱ्या माणसाबरोबर शिरेल, आणि तसा माणूस मी नाहीच. काल शनिवारी कचेरीतून सुटल्यावर मी तडक कल्याणची गाडी धरली आणि चालत तुमच्या घरी गेलो. दिवे लागायची वेळ झाली होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तेल लाव म्हणालो ते, हसलो ते, तीन साखळ्या मापल्या ते. धर्मा भिंतीकडे तोंड करून बसला.

वहिनींनी विचारलं, “कितींदा सांगितलं त्यांनी?”

“दोनदा.”

“हलू?”

“हळू.”

“घरात बी तसंच,” त्या म्हणाल्या. “छपराला आग लागली असती, तरी त्ये हलूच बोलले असते.” आणि पदर तोंडाला लावून त्या वळल्या. त्यांनी मला क्षमा केली असं मी म्हणणार नाही. शिवीही दिली नाही.

मी म्हणालो, “वहिनी, धर्माला मी नेत नाही.”

“मी येनार,” भिंतीकडूनच धर्मा म्हणाला. “दादाची रेग हाय ती.”

वहिनी त्याच्यासमोर जाऊन बसल्या. “जाशील तर आईक. तिथं कायबी दिसलं, कायबी लागलं, त पान बोलायचं नाय. नाव घ्यायचं. या मास्तरला कलंल असं नाव घ्यायचं.”

“वैनी, दिव्याची येल हाय.”

“म्हनूनच. आताच घे.”

धर्मा खाली मान घालून म्हणाला, “लांबडं.”

“त्ये नाय.”

“जनावर.”

“धर्मा!”

त्याचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. एवढा दांडगा माणूस, एका खांद्यावर लाकडाचा भारा वाहणारा, आणि कपाळावर घाम आला होता. मग वहिनींनीच तो शब्द उच्चारला. साप. त्या घरात दिवा लागल्यावर तो कधी कुणी उच्चारला नसेल. आतल्या खोलीत कुणाचं तरी भांडं हातातून पडलं.

“बोल आता. मास्तर तीन साखल्या लांब हाय असं समज.”

धर्माने डोळे मिटले आणि तो ओरडला. “साप! साप!”

मी दारात उभा होतो. आधी शेजारचं दार उघडलं. मग पलीकडचं. काठ्या घेतलेली माणसं, पेटती चूड घेतलेला एकजण, हातातलं पीठ तसंच असलेली एक बाई. “कुठं? कुठं हाय?” सगळे एकदम विचारत होते आणि सगळ्यांच्या नजरा जमिनीवर होत्या.

“कुठं नाय,” वहिनी म्हणाल्या. “शिकतोय त्यो.”

कुणी हसलं नाही. एक म्हातारा बाजूला थुंकला आणि परत फिरला. पण फिरताना त्याने आपली काठी तुमच्या दाराला टेकवून ठेवली. नाव घेतलं गेलं होतं. आता ते येईल म्हणून.

जोमादादा, मी मोजत होतो. मला मोजण्याचीच सवय आहे. धर्मा ओरडला तिथपासून पहिली काठी दारात येईपर्यंत मला सात श्वास घेता आले. तुमच्याजवळ त्या दिवशी सात श्वासांहून कितीतरी जास्त वेळ होता, आणि तुमच्याजवळ मी होतो.